माझ्या हातची होडी नको!

आमच्या मेवण्यासारखा माणूस या अख्ख्या किनाऱ्यावर, खाली एडवणपासून वर डहाणूपर्यंत, दुसरा झाला नाही आणि देवाला थोडी जरी अक्कल असेल तर तो दुसरा करणारही नाही. कारागीर मी पुष्कळ पाहिले. भिकार काम करून छाती फुगवणारे पाहिले, बरं काम करून गप्प बसणारेही एखाद-दुसरे पाहिले. पण चांगलं काम करायचं आणि मग गावभर सांगत फिरायचं की बाबांनो, हे काम काही खरं नाही, कुणी घेऊ नका, असा धंदा करणारा मी एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. सोयरीक करताना मुलीकडच्या सगळ्या गोष्टी बघतात, घर बघतात, होडी बघतात, भावाचं डोकं कुणी बघत नाही. तिथं आमची चूक झाली. बायको गेली त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून हे लिहायला बसलो. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर चांगले होते म्हणून. तेव्हा लिहिण्यात काही वाकडं-तिकडं दिसलं तर ते माझं, आणि माणसात वाकडं दिसलं तर ते त्याचं.

त्याचं गाव खाडीच्या पालघरच्या अंगाला, आमचं बोईसरच्या अंगाला. मधे खाडी. भरतीला पाणी, ओहोटीला गुडघाभर चिखल. त्याच्या गावाच्या बंदरावर तो मासेमारीच्या होड्या बांधायचा, बापापासूनचा धंदा. होडी बांधायला सांगायला गिऱ्हाईक आलं की दुसरा कुणी असता तर आधी पाट मांडून बसवलं असतं. हा आधी हाकलायचा. एकदा एडवणचा एक तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, आला होता, मी तिथंच बसलेलो. तांडेल म्हणाला, "काका, मोठी होडी बांधायची हाय." हा वाकसानं लाकूड तासत होता, वर न बघता म्हणाला, "माज्याकडं कशाला आलास? माजी होडी म्हंजे पाण्यावर टाकलेली खाट. चांगली पायजे तर जपानला जा."

"जपानला एस.टी. जाते काय?" तांडेल म्हणाला.

"नाय ना जात? मंग बस. चा घे."

असा सौदा व्हायचा. आणि गंमत अशी की लोक त्याच्याकडेच यायचे. कारण बाकीचे सुतार म्हणायचे, आमची होडी बघा, अशी होडी नाही. आणि पहिल्याच पावसात तिच्या फळ्या दात काढायच्या. याच्या होडीला तसं काही व्हायचं नाही. पण ते त्याला सांगायची सोय नव्हती. सांगितलं की म्हणायचा, "अजून नाय झालं. होईल."

हे परदेशाचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं तारापूरला. तिथं विजेचं मोठं काम निघालं तेव्हा परदेशी साहेब लोक बायकापोरांसकट येऊन राहिले होते आणि हा काही महिने तिथं सुतारकामाला लागला होता. करायचं काय, तर साहेबांचं सामान ज्या खोक्यांतून यायचं ती खोकी उघडायची. बस. पण ती खोकी बघून हा वेडा झाला. खोक्यातलं सामान नव्हे, खोकी! एकाही फळीला गाठ नाही, एकाही खिळ्याचं डोकं वाकडं नाही. त्यातल्या एका साहेबाकडं पांढरी, प्लास्टिकसारखी छोटी बोट होती, रविवारी पोरांना बसवून तो ती पाण्यात न्यायचा. आमच्या मेवण्यानं एका रविवारी म्हणे तिच्यावर सगळीकडून हात फिरवून बघितला आणि घरी येऊन जेवला नाही. त्याच्या बायकोनं विचारलं काय झालं, तर म्हणाला, "सांधाच नाय गो तिला कुठं." माणसाला दुसऱ्याची बायको बघून असं झालेलं मी ऐकलं आहे, बोट बघून झालेलं पहिल्यांदाच.

तिथून येताना त्यानं बिस्किटाचा एक रिकामा परदेशी डबा आणला. त्यात तो खिळे ठेवायचा आणि सांगायचा की या डब्यात खिळे गंजत नाहीत. ते गंजलेले मी स्वतः बघितले आहेत. मी दाखवले तर म्हणाला, "खिळे आपले हायत ना, जावयबापू. डब्याचा काय दोष?" साहेबानं जाताना त्याला एक करवत दिली होती, ती त्यानं तेल लावून, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. कधी वापरली नाही. का, तर आपलं लाकूड कापून तिची धार जाईल. नायलॉनची साडी बाहेरची, गजराचं घड्याळ बाहेरचं, छत्रीसुद्धा बाहेरची. आणि पाऊस आला की ही छत्री तो बगलेत धरून पळायचा, भिजू नये म्हणून. छत्री भिजू नये म्हणून!

आणि नवी होडी पाण्यात लोटायचा दिवस? त्या दिवशी सगळं गाव बंदरावर. बायका नटून, वाजंत्री, नारळ, गुलाल, होडीच्या मालकाची छाती पोटाच्याही पुढं. आणि होडी बांधणारा कुठं? तर मनोरला. सकाळची पहिली एस.टी. पकडून हा मनोरच्या बाजारात जाऊन बसायचा. तिथं त्याचं कुणी नाही, कामही नाही. मी एकदा विचारलं, मनोरच का? म्हणाला, "तितून समुद्र दिसत नाय." संध्याकाळी परत येऊन स्टँडवर उतरला की जो पहिला भेटेल त्याला विचारायचा, "हाय काय?" समोरचा म्हणायचा, "हाय." मग हा घरी जाऊन जेवायचा. इतक्या वर्षांत 'नाय' म्हणायची पाळी कुणावर आली नाही. तरी पुढच्या होडीला पुन्हा मनोर. आम्ही हसायचो. त्याच्या जिवाचं काय होत असेल हे विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. हसायला काही जात नाही ना.

आता माझ्या बायकोचं सांगतो. मी बोईसरला कारखान्यात हेल्पर. पगार कसा, तर उंदरानं खाऊन उरलेल्या खोबऱ्यासारखा. घर चालवलं तिनं. पहाटेच्या भरतीला खाडी ओलांडून माहेरच्या बंदरावर जायची, मासळी घ्यायची, पाटी भरून तशीच परत, आणि मग बोईसरची गाडी पकडून सरावलीला, जिथं कारखान्यातले कामगार राहतात. तिथं तिचं हिंदी सुरू. "ओ भैया, नाक मत दाबो, मच्छी हाय, अत्तर नाय हाय!" लोक म्हणे तिचं हिंदी ऐकायला मासळी घ्यायचे. रोज दोनदा खाडी. आणि खाडी ओलांडायची होडी म्हणजे काय वर्णावी! लाकूड कमी आणि डांबर जास्त. बायका पाट्या घेऊन बसल्या की पाणी बोटभर खाली राहायचं, आणि एका बाईचं काम फक्त डब्यानं आतलं पाणी उपसायचं. पावसाळ्यात एकदा ती खाडीच्या मधोमध कलंडली. पाट्या गेल्या, मासळी आपल्या घरी परत गेली. एका म्हातारीला केसाला धरून वर काढली म्हणून वाचली. माझी बायको होडीच्या काठाला लोंबकळत राहिली. कोळ्याची पोर, पण तिला पोहायला येत नव्हतं. लोकांना वाटतं कोळी म्हणजे जन्मतः मासा. पुरुष पोहतात, बायकांना कोण शिकवतं? त्यांना पाटी उचलायला शिकवतात.

मग गावागावांत आरडाओरडा झाला आणि सरकार जागं झालं. आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. नवी होडी द्यायची हे तर ठरलं, पण ती कुठं बांधायची यावर साहेब लोकांचं घोडं अडलं. काही म्हणाले परदेशातून तयार लाँच आणू, ती टिकते. काही म्हणाले देशाचा पैसा देशात राहिला पाहिजे, आपल्या गोदीत बांधू. एक साहेब तर म्हणे परदेशातल्या खाड्या बघून आले. आमची खाडी बघायला आले ते नेमके ओहोटीला. खाडीत पाण्याचा टिपूस नाही, नुसता चिखल आणि खेकडे. साहेब काठावर उभे राहून म्हणाले, "इथं होडीची गरज काय? लोक चालत का जात नाहीत?" आमच्या पुढाऱ्यानं हात जोडून सांगितलं, साहेब, थोडं थांबा, पाणी येईल. साहेबांना वेळ नव्हता. पाण्याला वेळ होता, ते आलं, साहेब गेलेले.

शेवटी मेवण्याच्या गावच्या शाळेत सभा झाली. दोन्ही गावं जमली. साहेबांतल्या एका बऱ्या साहेबानं विचारलं की परदेशी लाँच येईपर्यंत दिवस जातील, देशी गोदीतही नंबर लागलेले आहेत, तर मग इथं तुमच्यातच कुणी होडी बांधणारा नाही का? सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. मेवणा भिंतीला टेकून बसला होता. उठला. मला वाटलं, आता तरी हा माणूस सरळ बोलेल. सरकार स्वतःहून काम देतंय, दोन गावं बघताहेत.

"बांधनारा मीच हाय सायेब," तो म्हणाला, "म्हनूनच सांगतो. माज्या हातची होडी नको."

सभेत असा हशा पिकला की शाळेच्या पत्र्यावरचे कावळे उडाले. साहेब म्हणाले, "का हो? इथल्या सगळ्या होड्या तुम्हीच बांधल्यात ना?"

"त्या मासळीच्या. मासळीला बुडायची भीती नसते. ही मानसांची होडी. ही परदेशातनंच आनायला पायजे."

"परदेशात काय माणसं नाय बुडत?" मागून बायकांतून आवाज आला. माझ्याच बायकोचा. सभेत बायका बोलत नसत तेव्हा, पण मासळी बाजारात घसा तयार झालेल्या बाईला सभा काय आणि सरावली काय. "दादा, तू बांध. मी बसते ना त्यात."

"तू गप बस बाय."

"मी गप बसले की तूच म्हनशील, बुडली वाटतं!"

पुन्हा हशा. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. खुद्द कारागीरच नको म्हणतो म्हटल्यावर काय लिहिणार? सभा उठली, फायली वर गेल्या, आणि वर गेलेली फाईल आणि वर गेलेला माणूस यांची खबर सारखीच. वर्षं गेली. जुनी होडी तशीच. डांबर वाढत गेलं. बायको रोज पहाटे जायची आणि मी कारखान्याच्या गाडीची वाट बघत काठावर उभा राहायचो, ती पलीकडं उतरेपर्यंत.

आणि मग ती भाऊबीज. दरवर्षी तो यायचा, बाहेरची नायलॉनची साडी घेऊन. ती साडी नेसली की बायको म्हणायची, अंगात वीज भरल्यासारखं होतं. त्या वर्षी तो पाटावर बसला, टोपी नीट केली. तिनं दिवा लावला, तबक हातात घेतलं, आणि ओवाळायचं सोडून उभीच राहिली.

"ओवाळ की," तो म्हणाला.

"आदी सांग, तबकात काय घालनार."

"साडी हाय. फारेनची."

"साडी नको. मला होडी घाल."

तो पाटावरून उठायला लागला. ती म्हणाली, "उठ. बिनओवाळलेला भाऊ पाटावरनं उठला तर काय होतं ते आयला जाऊन विचार वर." तो पुन्हा बसला. दिव्यात तेल थोडंच घातलेलं होतं. बाई हिशेबाची पक्की. वारा येत होता, वात फडफडत होती. मी पुढं होऊन हाताचा आडोसा करायला गेलो तर मलाच म्हणाली, "तुमी मागं सरा. ही आमची बोलनी हायत."

मग त्यानं जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाला, "बाय, माज्या होडीत जो बसतो त्याला पोवता येतं. म्हनून मला रातचा डोळा लागतो. तुला येतं काय पोवाय? त्या बायांना येतं? तुजी होडी बांधली तर मला मनोर पुरनार नाय. मला काशीला जावं लागंल."

"आनी आता ज्या होडीत बसते ती कुनी बांधली, यमानं? त्या होडीपेक्षा तुजी वायट होईल काय? बोल. दिवा विजतोय."

तो दिव्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बांधतो. पन बुडली तर मला नाव ठेवायचं नाय."

"बुडली तर मी कशाला येते नाव ठेवाय!" ती म्हणाली आणि ओवाळून मोकळी झाली. सरकारचं जे काम इतकी वर्षं देश का परदेश यावर अडलं होतं, ते एका तबकात सुटलं. साडीही तिनं ठेवून घेतलीच.

लाकूड दोन्ही गावांनी दिलं. आणि मग सुरू झालं एक असं बांधकाम, की एवढ्या शिव्या खात कुठली वस्तू तयार झाली नसेल. तळाचं मोठं लाकूड, ज्याला आमच्याकडं पठाण म्हणतात, ते त्यानं दुप्पट जाड घेतलं. बरगड्या इतक्या जवळजवळ घातल्या की मधून मांजर जाणार नाही. फळ्या जाड, वर पुन्हा फळ्या. पोट असं रुंद की आमच्या गावचा एक पोक्त माणूस म्हणाला, "होडी हाय की बाळंतपनाला आलेली म्हस?" लोक सांगायला जायचे, काका, आता पुरे, जड होईल. तो म्हणायचा, "होऊ दे. परदेशात असती तर पातळ चालली असती. ही माजी हाय." वल्ही मारणारे दोघे येऊन बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, आम्हाला आणखी दोघं द्या.

लोटायच्या दिवशी हा पहाटेच स्टँडवर. पण माझी बायको त्याच्या आधी तिथं, चार पाटीवाल्या बायका घेऊन. एस.टी. आली, कंडक्टरनं विचारलं "मनोर?" आणि बायकांनी सांगितलं, "आज मनोर बंद हाय." त्याला बकोटीला धरून बंदरावर आणला. होडी लोटायला दोन्ही गावचे पुरुष लागले, तरी ती हलेना. जणू तिलाही मनोरला जायचं होतं. शेवटी गेली पाण्यात. बायको पहिली चढली, पाटी घेऊन, मधोमध बसली आणि त्याला म्हणाली, "ये आता." तो आला. सगळी खाडी ओलांडेपर्यंत तळाशी बघत बसला, पाणी कुठून येतं ते शोधत. पाणी आलं नाही. त्यामुळं तो जास्तच घाबरला.

ती होडी बुडणं शक्यच नव्हतं. फक्त तिचा एक दोष होता, की ती चालायची नाही. या किनाऱ्यावर तिच्यापेक्षा सावकाश जाणारी वस्तू मी एकच पाहिली, ती म्हणजे सरकार. भरतीच्या पाण्यावरची बदकं तिला मागं टाकून जायची. जुन्या होडीतून बायको उतरायची तेव्हा बोईसरची गाडी यायला वेळ असायचा; या होडीतून उतरायची तेव्हा गाडीची धूळ खाली बसलेली असायची. बायकांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. "काका, होडी बांधलीत का धर्मशाळा?" आणि हा खूश! "बोललो नवतो मी? बोललो नवतो, माज्या हातची नको? परदेशातली असती तर आतापर्यंत तुमी घरी जाऊन जेवला असता." आयुष्यात पहिल्यांदा त्याचं म्हणणं लोकांना पटलं होतं, मग खूश नको व्हायला? शेवटी बायकांनीच भरती चढायला लागताच निघायचं ठरवलं आणि होडीला होडीच्या गतीनं जाऊ दिलं.

मग त्या होडीत काय काय व्हायला लागलं म्हणून सांगू! कोळंबी सोलून व्हायची. भाकऱ्या खाऊन व्हायच्या. सासवांची उणीदुणी निघायची, सोयरिकी जमायच्या. निदान एक मोडलेलीही मला माहीत आहे. माझी सुट्टी असली की मीही जायचो बायकोबरोबर, पाटी उचलायला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. ही बाई घरात कधी बसलेली मी बघितली नव्हती. जेवायचीसुद्धा अर्धी उकिडवी, उठायच्या तयारीत. त्या होडीत तिला दुसरं करण्यासारखं काही नसायचं, म्हणून ती पाय पसरून बसायची. पदर सैल करून, फळीला पाठ टेकून. वाऱ्यावर डोळे मिटायची. मी काही बोललो तर म्हणायची, "अवो, जरा गप बसा, बसलेय मी." आमचा संसार म्हणजे तसा काठावरून एकमेकाला बघणं, तिची भरती आणि माझी पाळी कधी जुळली नाही. काय बोलायचं ते आम्ही त्या जड होडीत बोललो.

आणि मग नव्वदीनंतर, जेव्हा लोक विसरूनही गेले होते, तेव्हा सरकारला आठवण झाली आणि परदेशी बांधणीची लाँच आली. पांढरीशुभ्र, बाकांना गाद्या, वर छप्पर. मेवणा नवा शर्ट घालून गेला, तिच्यावर सगळीकडून हात फिरवला आणि मला म्हणाला, "बघा जावयबापू. सांधा हाय काय कुठं?" लाँच खरंच चांगली होती, उगाच नावं का ठेवा? भर भरतीलाच चालायची आणि इंजिनाचा आवाज असा की शेजारच्या माणसाशी खुणेनं बोलावं लागायचं. पण गेली कधी आणि पोचली कधी कळायचं नाही. तरण्या पोरी सगळ्या तिच्यात गेल्या. जड होडीत उरले म्हातारे, बकऱ्या आणि माझी बायको. मेवणा तिच्यावर चिडायचा. "लाँच सोडून या खाटेवर बसतेस? लोक मला हसतात!" ती म्हणायची, "तुला तर हसतातच. त्यात माजं काय?"

गेल्या वर्षी तिला दुखणं लागलं. बोईसरच्या डॉक्टरनं पालघरला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं आणि मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते इथं लिहीत नाही. मोटारीनं न्यावं तर रस्ता लांबचा आणि खड्ड्यांचा, तिला धक्के सोसायचे नाहीत. खाडीनंच न्यायची ठरली. मेवणा आदल्या दिवसापासून आमच्याकडं येऊन राहिला होता. भर भरतीची सकाळ. लाँच लागलेली, लाँचवाला हाक मारत होता, "काकी, या, गादीवर झोपवतो." सगळे म्हणाले लाँच. मी म्हणालो लाँच. आणि मेवणा तर तिच्यासमोर हात जोडून उभा. "बाय, आज ऐक माजं. लाँचनं लगेच पोचशील. परदेशाची हाय, धक्कासुदा लागनार नाय."

ती म्हणाली, "मला लाँच नको. तिच्यात बोललेलं ऐकू येत नाय."

तिच्यापुढं सरकार हरलं होतं, आम्ही कोण? जड होडीत गोधडी घातली, तिला फळीला टेकवून बसवली. वल्ह्यावर आता दोघेच उरले होते, मेवणा स्वतः तिसरा बसला. म्हातारा माणूस, दम लागत होता, पण वल्हं सोडेना. आणि वल्हं मारता मारता तोंड सुरूच. "ही फळी बघ, वाकडी बसलीय. ही बरगडी तेवाच बदलायला पायजे होती. परदेशात असली होडी सरपनाला पन घेनार नाय." लाँच आमच्या बाजूनं गेली, तिच्या लाटेनं आमची होडी जराही हलली नाही.

"दादा," ती म्हणाली, "तुजी एक तरी होडी बुडली काय रं?"

"अजून नाय."

"मंग?"

"मंग काय? अजून नाय."

ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. मग माहेरच्या कुणाकुणाचं बोलत राहिली, कुठल्या पोरीचं कुठं दिलं, कुणाच्या सुनेला दिवस गेले. मला म्हणाली, कोळंबीचं लोणचं केलंय, फडताळात हाय, एकट्यानं सगळं खाऊ नका. मेवणा बघता बघता गप्प झाला. वल्हं सावकाश पडायला लागलं. बाकीच्या दोघांनी त्याच्याकडं पाहिलं आणि त्यांनीही आपला हात सावकाश केला. या होडीला मी जन्मभर गोगलगाय म्हटलं, म्हैस म्हटलं. त्या दिवशी पलीकडचा काठ असा अंगावर आला, की मला वाटलं, हिला आजच कुठली घाई झाली?

परत ती त्या होडीतून आली नाही.

बाराव्यानंतर मेवणा पुन्हा आला. आता भाऊबीजेचंही निमित्त नाही. लाँच सोडून जड होडीतून आला, ओटीवर बसला. मी चहा केला. माझ्या हातचा चहा म्हणजे गरम पाण्याला नुसतं भिववलेलं. त्यानं गपगुमान प्यायला, नावं ठेवली नाहीत. मी म्हटलं, मेवणे, बरं नाही वाटत काय? तो खाडीकडं बघत होता. भरती सुरू झाली होती, लाँच नुसती रेघ मारल्यासारखी पलीकडं गेली.

"जावयबापू," तो म्हणाला, "ती होडी माजी चुकली."

म्हटलं, झालं सुरू. "काय चुकलं आता?"

"आनखी जड बांधायला पायजे होती."

मी त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.